अकरा वेळा सांगोला



३० जुलै २०२१ ला सोलापुरात गणपतराव देशमुख वारले आणि दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या पेपरांनी एकच लेख छापला. लिहिणारांची नावं वेगळी, लेख एकच. आबासाहेब एसटीनं हिंडायचे, आबासाहेबांची राहणी साधी, असा आमदार आता होणे नाही. ज्या पक्षांनी वेळोवेळी त्यांना पाडायला उमेदवार उभे केले, त्या पक्षांचे पुढारीसुद्धा गळा काढून हेच बोलले. मी ती कात्रणं ठेवून दिली होती. नोव्हेंबर २०२४ ला सांगोल्याची जागा पुन्हा शेतकरी कामगार पक्षाकडं आली तेव्हा बाहेर काढून परत वाचली, आणि डोकं फिरलं.

का फिरलं ते सांगतो. साधेपणाची आपल्याला नवलाई नाही. आपली आख्खी वस्ती जन्मभर एसटीनं आणि लोकलनं हिंडते, तिचा मृत्युलेख कुणी लिहीत नाही. एका आमदाराचं आयुष्य साधेपणाच्या पुडीत बांधलं की त्याचं राजकारण झाकता येतं. तो कुणाच्या विरुद्ध लढला, कुणाची मतं घेऊन निवडून आला, कुठं हरला, हरल्यावर काय केलं, पन्नास वर्षं सभागृहात बसून कुणाला काय मिळालं, हे काहीच विचारावं लागत नाही. एसटीचा पास दाखवला की संपलं. मेलेल्या माणसाला संत करायचं आणि त्याच्या कामाचा हिशोब बुडवायचा, ही या प्रस्थापितांची जुनी खोड आहे. आपल्या बाबतीत तर त्यांनी ती सगळ्यांत जास्त वापरली.

म्हणून या अंकात मी गणपतरावांचा निवडणुकांचा हिशोब मांडतोय. आपल्यातली काही पोरं म्हणतील, संपादक म्हातारा झाला, एका देशमुखाची आरती करायला लागला. थांबा जरा. आरती नाही. आणि आडनावावर जाऊ नका, गणपतराव धनगर समाजातले होते, वाड्यातले देशमुख नव्हते. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा जन्म, शिकून वकील झाले आणि माणदेशातल्या सांगोल्यात येऊन शेकापचं काम धरलं.

आता हिशोब. पहिला विजय १९६२. दुसरा १९६७. १९७२ ला पडले. १९७४ ला पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० अशा चार ओळीनं. १९९५ ला पुन्हा पडले. मग १९९९, २००४, २००९, २०१४. म्हणजे तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव. मतदारसंघ एक, सांगोला. पक्ष एक, शेकाप. पेपरात कुणी चौपन्न वर्षं आमदार म्हणतो, कुणी पंचावन्न. मी बोटांवर मोजली. दहा, एकवीस आणि वीस, एकावन्नच्या आसपास येतात. एवढी बेरीज करायलाही श्रद्धांजली लिहिणाऱ्यांना वेळ नव्हता. काहींनी तर देशातला विक्रम म्हणून ठोकून दिलं. तेही खोटं. तमिळनाडूत करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही हरले नाहीत. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून १९६५ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा आले. पण करुणानिधी मतदारसंघ बदलत राहिले, आणि मणींच्या पक्षाचे किती तुकडे झाले ते केरळातल्या माणसालाही पटकन सांगता येणार नाही. जागाही तीच आणि पक्षही तोच, हा प्रकार वेगळा आहे. मला विक्रमात रस नाही. मला त्या दोन पराभवांत रस आहे.

१९७२ घ्या. बांगलादेशची लढाई नुकतीच जिंकलेली, इंदिराबाईंची लाट. महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसनं गिळल्या. १९६७ ला शेकापचे १९ आमदार होते, ते ७ वर आले. गणपतराव त्या लाटेत वाहून गेले. वर पाऊस नाही. माणदेशात तर दुष्काळ हाच बारमाही पाहुणा, पण १९७२ चा दुष्काळ सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. पाडलेला आमदार, फुटकळ पक्ष, खडी फोडणारा मतदार. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? मुंबईची गाडी पकडतो, यशवंतरावांचे पाय धरतो, बेरजेच्या राजकारणात स्वतःला जमा करून घेतो. शेकापच्या मोठमोठ्या धेंडांनी हेच केलं होतं. ज्या केशवराव जेध्यांनी, शंकरराव मोऱ्यांनी १९४७ ला पक्ष काढला, ते दोघंही काही वर्षांत काँग्रेसच्या घरी परतले. दाभाडीचा प्रबंध १९५० चा, मार्क्सवादाची शपथ घेतलेला. शपथेची शाई वाळायच्या आत घर बदलणारे निघाले. पुढं यशवंतराव मोहिते गेले. हे जाणं गणपतरावांनी जवळून पाहिलेलं. तरी १९७४ ला पोटनिवडणूक लागली तेव्हा हा माणूस त्याच बावट्याखाली उभा राहिला आणि निवडून आला.

१९७४ म्हटलं की तुम्हाला दुसरंच आठवेल आणि आठवायलाच पाहिजे. त्याच वर्षीच्या जानेवारीत मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक होती. पँथरनं बहिष्काराची हाक दिली. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळीत सभेवर दगड पडले, पोलिसांच्या लाठ्या पडल्या, दंगल पेटली. १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे आल्या. आपण मत दिलं नाही आणि मत न देऊन काँग्रेस पाडली. ती ताकद खरी होती. तिच्यासाठी पोरांनी रक्त दिलं, तिच्यावर थुंकणारा या मासिकाचा वाचक नाही. पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे? मध्य मुंबईत आपण पाडणारे झालो. उभे राहणारे कधी झालो? पाडलेल्या जागेवर दुसऱ्याच्या पक्षाचं माणूस बसलं. वर्ष संपायच्या आत आपली फूट झाली. सांगोल्यात त्याच वर्षी पडलेला माणूस उठून बसला, तो पुढची एकवीस वर्षं हलला नाही.

याच १९७४ मध्ये, याच सोलापूर जिल्ह्यात, आणखी एक पोटनिवडणूक झाली. करमाळा. राखीव जागा. पोलीस खात्यातली फौजदारी सोडून आलेला एक तरुण तिथं काँग्रेसकडून निवडून आला. सुशीलकुमार शिंदे. एकाच जिल्ह्यातून, एकाच वर्षी, पोटनिवडणुकीच्या एकाच दारातून दोन माणसं विधानसभेत शिरली. पुढं बघा. शिंदे चढत गेले. मंत्री झाले, पुढं खासदार, जानेवारी २००३ ला मुख्यमंत्री, महाराष्ट्राचा पहिला दलित मुख्यमंत्री. २००४ ची निवडणूक त्यांच्या कारकिर्दीत लढली गेली आणि आघाडीनं जिंकली. जिंकल्यावर खुर्ची कुणाला? विलासराव देशमुखांना. शिंद्यांना आंध्रच्या राजभवनात पाठवलं. मग केंद्रात गृहमंत्री, आणि त्याच पदावर असताना २०१४ ला सोलापुरातच पराभव, २०१९ ला पुन्हा पराभव.

शिंद्यांची टिंगल करायला मी हे लिहीत नाही. माणूस कर्तबगार, खुल्या जागांवरूनही निवडून आलेला. कचेरीत शिपायाचं काम करून शिकलेला. पण निवडणूक जिंकलेल्या मुख्यमंत्र्याला एका रात्रीत बाजूला करता येतं आणि एक दगड उचलला जात नाही, एक एसटी अडवली जात नाही, याचा अर्थ काय? त्याच्यामागं उभा असलेला जमाव त्याचा नव्हता, दिल्लीचा होता. दिल्लीनं दिलं, दिल्लीनं घेतलं. गणपतरावांना कुणी काही दिलं नव्हतं, त्यामुळं काढून घ्यायला कुणाला जमलं नाही. मतदारांनी काढलं, दोनदा. तेवढा अधिकार मतदाराचाच.

आता पेनूरच्या तालुक्याकडं या. मोहोळ मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. चार निवडणुका झाल्या. चार आमदार झाले. चारही वेळा माणूस नवा. आणि पक्ष? चारही वेळा राष्ट्रवादी, चौथ्या वेळी फक्त शरद पवारांच्या गटाची. ध्यानात येतंय का? पक्षाचं नाव कायम, घड्याळ जाऊन तुतारी आली एवढाच फरक, आणि दलित आमदार मात्र वहीच्या पानासारखा दर पाच वर्षांनी पलटतो. सांगोला खुला, तिथं एक माणूस अकरा वेळा. मोहोळ राखीव, तिथं एकालाही दुसरी पाळी नाही. दोन्ही तालुके एकाच जिल्ह्यात, मध्ये फक्त पंढरपूर.

याला पुणे करार म्हणतात, पोरांनो. २४ सप्टेंबर १९३२. स्वतंत्र मतदारसंघाच्या ७१ जागा गेल्या, संयुक्त मतदारसंघात १४८ आल्या. आकडा दुप्पट झाला म्हणून काँग्रेसवाल्यांनी पेढे वाटावेत असा सौदा. पण जागा वाढल्या आणि आमदार परका झाला. तिकीट वाड्यावर ठरतं, खर्च कारखान्यावरून येतो, मतं गावातली, नाव आपलं. अशा आमदाराला दुसऱ्यांदा उभं राहायचं असेल तर वस्तीत जायची गरज नसते, वाड्यावर जायची असते. वस्तीची बाजू घेऊन एकदा जोरात बोलला की पुढच्या वेळी दुसरा सापडतोच. राखीव जागेवर टिकायचं तर गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसणाऱ्यांचा तुटवडा कधी पडत नाही. म्हणून दीर्घकाळ आमदार राहिलेल्या माणसाची कारकीर्द आपण उलटी वाचायला पाहिजे. तो एवढी वर्षं का टिकला याच्या उत्तरातच आपला का टिकत नाही याचं उत्तर आहे.

एक जण लगेच म्हणेल, सोपं आहे, सांगोल्यात धनगरांची मतं मोठी, जातीनं निवडून दिला. बरोबर. मतं मोठी आहेत. पण १९७२ ला ती मतं कुठं गेली होती? १९९५ ला कुठं गेली होती? तालुक्यातले धनगर त्या दोन वर्षांपुरते गाव सोडून गेले होते काय? जातीची मतं हा पाया, नाकारणारा मूर्ख. पण पाया म्हणजे घर नव्हे. आणि आपल्यालाही पुष्कळ ठिकाणी पाया आहे. घर कुठं आहे?

१९९५ चा पराभव तर वाचताना अंगावर येतो. १९२ मतं. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील आले आणि सत्तरीला टेकलेला, सात वेळा आमदार झालेला माणूस १९२ मतांनी घरी बसला. १९२ म्हणजे किती? एका चाळीच्या चार मजल्यांवरची मतं. आपल्या एखाद्या पुढाऱ्याचं असं झालं असतं तर आठवड्यात पत्रक निघालं असतं, गद्दारांची यादी लागली असती, महिन्याभरात नवा गट, नवं नाव, कंसात नवं आद्याक्षर. गणपतराव पाच वर्षं आमदार नव्हते, पण सूतगिरणी होती, पाण्याच्या परिषदा होत्या, तालुक्यातली जा-ये होती. १९९९ ला पुन्हा तेच चिन्ह, तोच उमेदवार, समोर तोच प्रतिस्पर्धी, आणि जागा परत.

ते १९२ मतांवाले शहाजीबापू तुम्हाला माहीत आहेत. पुढं शिवसेनेत गेले, २०१४ ला गणपतरावांकडून पंचवीस हजारांहून जास्त मतांनी पडले, २०१९ ला आले, आणि जून २०२२ ला गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील यांचं वर्णन करून महाराष्ट्राचे लाडके झाले. पेपरांनी जेवढी शाई या फोनवर खर्च केली तेवढी गणपतरावांच्या एकावन्न वर्षांच्या विधानसभेतल्या भाषणांवर केली नाही. ज्यांना करमणूक हवी त्यांना करमणूक मिळते.

सूतगिरणीचं नाव निघालं म्हणून सांगतो. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी गणपतरावांनी उभी केली आणि चालवली. या राज्यात सहकाराच्या नावानं काय काय झालं ते सांगायला नको, गिरण्या उभ्या राहायच्या आधी अध्यक्षांचे बंगले उभे राहिले. इथं गिरणी चालली. पण मी भाबडा नाही. चालती गिरणी हे रोजगाराचं साधन असतं तसं मतांचंही असतं. कामगार, त्याचं घर, त्याचा भाऊबंद. यात पाप नाही. साखरेवाल्यांनी हेच केलं, फक्त लुटून केलं. यानं न लुटता केलं. आपल्याकडं असं एकही साधन नाही, ना गिरणी, ना पतपेढी, ना सोसायटी, म्हणून निवडणूक आली की आपण दुसऱ्याच्या जीपमध्ये बसतो.

एवढं झालं कौतुक. आता देणं वसूल करू.

१९७८ ला शरद पवारांचं पुलोद सरकार आलं. शेकाप त्यात सामील, गणपतराव त्यात मंत्री. याच सरकारच्या काळात, २७ जुलै १९७८ ला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव दोन्ही सभागृहांनी केला. ठरावाची बातमी पोचली आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळेला हाल करून मारलं. आणि सरकारनं काय केलं? ठराव फडताळात ठेवला. १७ फेब्रुवारी १९८० ला बरखास्त होईपर्यंत तो तिथंच राहिला. नाव लागलं, तेही विस्तार करून, १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षांनी. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते, हे वकील असलेल्या माणसाला सांगायला नको होतं. मंत्रिपद सोडून, राजीनामा तोंडावर फेकून वस्तीच्या बाजूनं उभा राहिलेला लाल बावटा त्या दिवसांत आपल्याला दिसला नाही. गणपतराव एकटे दोषी नाहीत. पण एकावन्न वर्षांच्या हिशोबात ही बाकी त्यांच्याही नावावर आहे, आणि एकाही मृत्युलेखात ती लिहिलेली नाही.

दुसरी बाकी पाण्याची. गणपतरावांचं सगळ्यात मोठं काम पाण्याचं, हे मान्य. सांगोला पर्जन्यछायेतला, माण नदी वर्षातले बरेच दिवस वाळूची. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीला भरवली, वर्षानुवर्षं भरवली, कृष्णेचं पाणी उचलून माणदेशाला द्या म्हणून सरकारच्या मानेवर बसले. टेंभू आणि म्हैसाळच्या योजना या रेट्याशिवाय पुढं सरकल्या नसत्या. डाळिंबाच्या बागा दिसतात त्या अशा भांडणातून आल्या.

पण पाणी कुणाला मिळतं? जमिनीला मिळतं. ज्याला जमीन नाही त्याच्या दारावरून पाट वाहतो आणि त्यानं बघायचं. माणदेशातला महार, मांग, रामोशी बागेत मजूर म्हणून गेला, बागाईतदार म्हणून नाही. याच पाण्याच्या चळवळीत एक वेगळं बी पडलेलं होतं. समन्यायी वाटपाची मागणी, म्हणजे पाणी एकरामागं नव्हे, माणसामागं, कुटुंबामागं. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात लोकांनी येरळा नदीवर स्वतः बळीराजा धरण बांधलं तेव्हा भूमिहीनालासुद्धा पाण्याचा वाटा ठरवला होता. १९८० च्या दशकातली गोष्ट. ज्याला रान नाही त्यानं पाण्याचा वाटा घेऊन दुसऱ्याच्या रानात भागीनं पीक काढावं. कागदावर नव्हे, प्रत्यक्षात झालेलं. मग अकरा वेळा निवडून आलेल्या आमदाराच्या तालुक्यात हे कायद्यानं का होऊ नये? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, देशभर तुरुंग भरले. शेकापच्या नावात शेतकरी आहे, कामगार आहे. भूमिहीन त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी हरवला. हा प्रश्न मी गेलेल्या माणसाला विचारत नाही. त्याच्या गादीवर आज जो बसलाय त्याला विचारतोय.

हो, गादीच. २०१९ ला वयामुळं गणपतरावांनी उभं राहायचं नाही म्हटलं. आधी एका उद्योजकाचं नाव पुढं आलं, कार्यकर्त्यांनी गलका केला, मग नातू डॉ. अनिकेत देशमुख. ते शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडले. २०२४ ला देशमुखांच्याच घरातले डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले आणि त्यांनी पंचवीस हजारांच्या फरकानं जागा परत आणली. शेकापचा आज विधानसभेत तेवढाच एक आमदार. सोलापुरात शिंद्यांची जागा २०२४ ला त्यांची मुलगी प्रणिती शिंदे यांनी जिंकली. म्हणजे १९७४ ला दोन वेगळ्या वाटांनी निघालेली दोन माणसं शेवटी एकाच मुक्कामाला आली, स्वतःच्या घरी. एक दिल्लीच्या जिवावर, एक लोकांच्या जिवावर, पण वारसदार दोघांनाही घरातच सापडला. लाल बावट्याखाली पन्नास वर्षं सतरंज्या उचलणारा, भिंती रंगवणारा, ज्याचं आडनाव देशमुख नाही असा एकसुद्धा गडी तालुक्यात तयार झाला नसेल, यावर माझा विश्वास नाही. तयार झाला असेल. त्याला उभा केला नाही.

आणि पक्ष? १९६७ चे १९ आमदार १९७८ ला १३ झाले, १९९९ ला ५, २००४ ला २, २०१४ ला ३, आता १. एका माणसाचा मतदारसंघ दगडासारखा राहिला आणि आजूबाजूचा पक्ष वाळूसारखा वाहून गेला. निष्ठेनं माणूस वाचतो, पक्ष वाचेलच असं नाही. हे शेकापवाल्यांनी आपसात बोलायचं. आपण आपलं बोलू.

आपलं काय झालं? १९९८ ला लोकसभेत रिपब्लिकनांचे चार खासदार गेले. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले मुंबईतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून. चौघंही खुल्या जागांवरून! ज्या संयुक्त मतदारसंघानं आपल्याला गुलाम केलं त्याच मतदारसंघात, राखीव पाटी नसताना, चार जण. काँग्रेसशी समझोता होता हे खरं, पण मतं मोजली गेली ती आपल्या माणसांच्या नावापुढं. हे पुन्हा होऊ शकलं असतं. वर्षभरात ऐक्याची लक्तरं झाली. २००९ ला रिडालोस निघाली, रिपब्लिकन, शेकाप, कम्युनिस्ट, समाजवादी अशी मोट बांधली. शेकापचे ४ आमदार आले, त्यात गणपतरावांचा दहावा विजय. आणि दोनच वर्षांत, २०११ ला, आठवले शिवसेना भाजपच्या मांडवात जाऊन बसले. शिवशक्ती भीमशक्ती. भागवत जाधवचा जीव ज्या काळात गेला त्या काळात वरळीत समोर कोण होतं ते आठवत असेल तर पुढं लिहायची गरज नाही.

मला ठाऊक आहे, तुमच्यातल्या निम्म्यांना निवडणूक या शब्दाचीच शिसारी आहे. मलाही आहे. पण शिसारी हा कार्यक्रम होत नाही. आपला माणूस पडतो तेव्हा नेमका किती मतांनी पडतो, कुठल्या खोलीत पडतो, हे आपल्याला माहीत नसतं. गणपतरावांना १९२ चा आकडा पाठ असणार. आपल्याला आपल्या वस्तीचा आकडा पाठ नाही.

तर एक काम. निवडणूक आयोग प्रत्येक मतदारसंघाचा केंद्रवार निकाल काढतो, त्याला फॉर्म वीस म्हणतात. कुणालाही बघता येतो. २०२४ च्या विधानसभेचा तुमच्या मतदारसंघाचा फॉर्म वीस काढा. वस्तीची, चाळीची, झोपडपट्टीची जी दोनतीन मतदान केंद्रं असतील तेवढ्यांचे आकडे उतरवून घ्या. किती नावं यादीत, किती मतं पडली, कुणाला किती. शेजारी २०१९ चे आकडे लिहा. जागा राखीव असेल तर गेल्या चार वेळचे आमदार कोण, दर वेळी पक्ष कुठला, तेही. पोस्टकार्डावर मावेल एवढंच. भाषणं पाठवू नका, कविता तर मुळीच नको, त्यांचा ढीग पडलाय. आकडे पाठवा. पुढच्या अंकाची मधली आठ पानं त्यासाठी मोकळी ठेवली आहेत, आणि मोहोळचा फॉर्म मी स्वतः आणायला चाललोय.